मेलाटोनिन आणि प्रतिकारपेशींचे उद्दीपन : एक चिकित्सक टिपण

मेलाटोनिन हे ‘रोगप्रतिकारशक्ती वाढविणारे’ संप्रेरक आहे, असे विधान अध्यापनात व चर्चासत्रांतील निबंधांत वारंवार केले जाते. प्रस्तुत टिपणाचा आक्षेप ‘वाढविणारे’ या एका शब्दावर आहे.

ॲरन लर्नर यांनी १९५८ मध्ये गाईच्या पिनिअल ग्रंथीतून मेलाटोनिन वेगळे केले, ते त्वचेच्या रंगाचा शोध घेताना. प्रतिकारक्षमतेशी त्याचा संबंध ठळक झाला तो १९८० च्या दशकात, जॉर्जेस मेस्ट्रोनी यांच्या उंदरांवरील प्रयोगांमुळे. ताणामुळे वा कॉर्टिकोस्टेरॉनमुळे दबलेला प्रतिसाद मेलाटोनिनने पूर्ववत होतो, असे त्यांत दिसले. येथे मुळात दबलेल्या पेशींचा प्रश्न होता, हे मात्र पुढे विसरले गेले. पेशी अगोदरच प्रक्षुब्ध असतील तर चित्र उलटते. मल्टिपल स्क्लेरोसिसच्या रुग्णांविषयी २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फारेझ व सहकाऱ्यांच्या संशोधनात मेलाटोनिन दाहकारक टीएच-१७ पेशींची निर्मिती रोखते, तर नियामक पेशींना साहाय्य करते, असे आढळले. म्हणजे परिणामाची दिशा पेशीच्या स्थितीवर ठरते. स्वप्रतिकार विकारांच्या रुग्णास सरसकट ‘वाढ’ सुचविणे त्यामुळे धोक्याचे आहे.

मात्रेचाही विचार क्वचितच होतो. मानवी रक्तात रात्रीची पातळी दर मिलिलिटरला शंभर पिकोग्रॅमच्या आसपास किंवा त्याहून कमी असते. परीक्षानळीत मात्र पुष्कळदा तिच्या हजारो पट द्रावण वापरले जाते!

त्याहून गंभीर अडचण प्रायोगिक प्राण्याची. प्रतिकारशास्त्रात सर्वाधिक वापरला जाणारा सी-५७ ब्लॅक-६ हा उंदीर जनुकीय दोषामुळे स्वतःचे मेलाटोनिन जवळजवळ तयारच करीत नाही; शिवाय तो निशाचर आहे. या दृष्टीने बनारस हिंदू विद्यापीठातील चंदना हलदार यांचे कार्य मोलाचे वाटते. त्यांनी निवडलेली पाच पट्ट्यांची खार दिनचर आहे आणि ऋतूनुसार प्रजनन करते. प्रजनन थंडावलेल्या काळात तिच्या शरीरातील मेलाटोनिन व प्रतिकारक्षमता दोन्ही उंचावतात, असे या अभ्यासांतून दिसून येते. अर्थात मानव ऋतुबद्ध प्रजनन करीत नाही. म्हणून खारीवरील निष्कर्षही जसेच्या तसे आपणांस लावता येणार नाहीत.

नागपूरला या प्रश्नाची पूर्वपीठिका आहे. येथे ए. गोपालकृष्ण व त्यांच्या विद्यार्थ्यांनी वटवाघळांच्या प्रजननाचा दीर्घ अभ्यास केला. त्या ऋतुचक्राशी प्लीहेतील टी-पेशींचा प्रतिसाद जोडून पाहणे, हा एम.फिल.च्या जुन्या प्रबंधांतील नेहमीच्या विषयांपेक्षा निश्चितच अधिक फलदायी विषय ठरला असता; पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांना तो आजही घेता येईल.