शेख फत्तेलाल : नावापलीकडचे काम

मराठी चित्रपटाच्या इतिहासात ‘दामले-फत्तेलाल’ हे जोडनाव एका दमात घेतले जाते. त्यातील शेख फत्तेलाल (१८८६-१९६४) यांची ओळख मात्र आपल्या व्याख्यानांत बहुधा एका वाक्यात उरकली जाते : ‘एका मुसलमान कलावंताने संत तुकारामांवर चित्रपट काढला.’ वाक्य खरे आहे. पण त्यातील नवलाईपाशीच समीक्षा थांबते आणि कलावंताचे काम पाहायचे राहून जाते.

फत्तेलाल मूळचे कागलचे. कोल्हापुरात बाबुराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत त्यांची जडणघडण झाली. १९२९ साली विष्णुपंत दामले, व्ही. शांताराम, केशवराव धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी यांच्यासह त्यांनी प्रभात फिल्म कंपनी स्थापन केली. कंपनी १९३३ मध्ये पुण्यास गेली. शांतारामांची उमेदवारीची काही वर्षे हुबळीत गेल्याने आपल्याकडे त्यांचे नाव निघते. ‘साहेबमामा’ फत्तेलालांचे क्वचितच. प्रभातचे कलादिग्दर्शन त्यांच्याकडे होते.

‘संत तुकाराम’ (१९३६) दामले आणि फत्तेलाल यांनी मिळून दिग्दर्शित केला. कोणता प्रसंग कोणाचा, हे वेगळे काढण्याचा आग्रह येथे गैरलागू ठरेल. तथापि चित्रपटातील घर, शेत, देऊळ यांत जी वापरातली, राबती दुनिया दिसते, तिच्यात कलादिग्दर्शकाची नजर जाणवते. चमत्कार आहेत, पण ते दारिद्र्याच्या शेजारीच घडतात. आजारी मुलासाठी जिजाई देवळात शिरून विठ्ठलावर वहाण उगारते, तेव्हा दिग्दर्शक तिला पाखंडी ठरवीत नाहीत. विष्णुपंत पागनीस यांच्या शांत तुकोबांइतकाच गौरी यांच्या जिजाईचा संताप ते मान्य करतात. अखेरीस वैकुंठापेक्षा तिला संसार जवळचा वाटतो. भक्ती आणि भाकरी यांतील हा वाद चित्रपट मिटवीत नाही, हेच त्याचे बळ होय.

मर्यादाही नोंदवली पाहिजे. तुकोबांना झालेला विरोध येथे मुख्यतः सालोमालोच्या मत्सरावर टाकला आहे. वर्ण आणि धर्माधिकार यांचा प्रश्न त्यामुळे एका ढोंगी माणसाच्या स्वभावदोषाएवढा लहान होतो. १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात झालेल्या गौरवाने ही उणीव भरून निघत नाही.

दामले १९४५ मध्ये निवर्तले. पुढे फत्तेलालांनी ‘जगद्‌गुरू शंकराचार्य’ (१९५५) दिग्दर्शित केला. त्यांना केवळ एकोप्याचे उदाहरण म्हणून सांगितले, तर विद्यार्थी त्यांचे नाव आणि धर्म लक्षात ठेवील, कला नव्हे. वर्गात आधी जिजाईचा देवळातील प्रसंग दाखवावा, त्यावर विद्यार्थ्यांना बोलू द्यावे आणि मग दिग्दर्शकांची नावे सांगावीत. त्या क्रमाने फत्तेलालांची ओळख अधिक न्याय्य होईल, असे वाटते.