‘ऑनेस्ट’ : एका शब्दाची अर्थवलये

शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’मध्ये ‘ऑनेस्ट’ व ‘ऑनेस्टी’ हे शब्द ५२ वेळा येतात, ही विल्यम एम्पसनची ‘द स्ट्रक्चर ऑफ कॉम्प्लेक्स वर्ड्‌स’ (१९५१) या ग्रंथातील मोजदाद. इयागोला सारे ‘ऑनेस्ट’ म्हणतात आणि तोच कपटी असतो, यातील उपरोध कोणाही प्रेक्षकाला कळतो. त्यासाठी इतकी आवर्तने नकोत. मुळात ‘सन्माननीय’ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आलेले हे विशेषण खरे बोलणाऱ्याला लागते, स्त्रीच्या संदर्भात ‘शीलवती’ असा अर्थ देते, आणि वरिष्ठाने कनिष्ठाला लावले की त्यात पाठीवर थाप मारणारी कृपा उतरते. बढती हुकलेल्या इयागोला प्रत्येक ‘ऑनेस्ट’ त्याची पायरी दाखवतो, हे एम्पसनचे निरीक्षण मार्मिक आहे.

‘मोकळाढाकळा गडी’ ही जी चौथी छटा तो शोधतो, तिचा आधार मात्र बराचसा १६६० नंतरच्या इंग्रजी व्यवहारात आहे. नाटक त्याआधी अर्धशतकाहून अधिक काळ लिहिले गेले. (त्याची बीजगणिती समीकरणे तर वाचकाला दमवतातच.) तिसऱ्या अंकात ऑथेल्लो पत्नीच्या शीलाविषयी आणि इयागोच्या खरेपणाविषयी एकाच शब्दाने विचार करतो. दोन ‘ऑनेस्ट’ माणसांपैकी एकालाच खरे मानणे त्याला भाग पडते. त्याच्या कोंडीचे हे भाषिक रूप त्या चौथ्या छटेवाचूनही सिद्ध होते.

आजच्या इंग्रजी बोलण्यात हा शब्द अप्रिय मताची नांदी म्हणून येतो. शीलाचा जुना अर्थ लग्नाविषयीच्या एका थट्टेच्या वाक्प्रयोगात तेवढा तगून आहे.

महादेवशास्त्री कोल्हटकरांच्या १८६७च्या भाषांतरापासून मराठीला हे नाटक परिचित आहे, आणि अडचण इथेच उभी राहते. ‘इमानी’मध्ये मालकाचा सूर नेमका उतरतो, पण तो शब्द डेस्डिमोनाला लावता येत नाही, ‘पतिव्रता’ इयागोच्या वाऱ्यालाही उभा राहत नाही. प्रसंगानुरूप शब्द बदलणारा अनुवाद सुबोध होईल, परंतु ऑथेल्लोची कोंडी त्यातून निसटेल. ‘प्रामाणिक’ हा एकच शब्द, थोडा अवघडलेपणा पत्करूनही, सर्वत्र राखणे अधिक श्रेयस्कर. नवऱ्याशी प्रामाणिक असणे मराठीला परके नाही. शिवाय ‘प्रमाण’ या शब्दाशी असलेले त्याचे नाते इंग्रजी शब्दापाशी नाही, आणि हा नायक तर पत्नीविरुद्ध प्रमाण मागतो व एका रुमालावर समाधान मानतो. वरिष्ठाचा कृपाळू सूर त्यात हरवतो. तो नटाच्या उच्चारावर सोपवावा लागेल.