फास्टर फेणे : वाचकाच्या मनातील नायक आणि पडद्यावरील नट

लाडक्या शोधनायकाच्या भूमिकेसाठी नट निवडताना रूपसाम्याइतकेच वयही निर्णायक ठरते. भा. रा. भागवत यांचा बनेश ऊर्फ फास्टर फेणे हे याचे बोलके उदाहरण होय. फुरसुंगीचा हा काटकुळा शाळकरी मुलगा सायकल, चौकसपणा आणि ‘ट्टॉक्’ या उद्गारासह मराठी वाचकांच्या मनात रुजला. दूरदर्शनच्या मालिकेत किशोरवयीन सुमीत राघवन याने ही भूमिका केली, तेव्हा नायकाचे कोवळे वय अबाधित राहिले. आदित्य सरपोतदार दिग्दर्शित २०१७ च्या चित्रपटात मात्र अमेय वाघ वैद्यकीय प्रवेशपरीक्षेसाठी पुण्यात आलेला तरुण फेणे साकारतो. त्याच्या अभिनयात मूळ फेणेची चपळाई निश्चितच आहे. तथापि, मोठ्यांनी दुर्लक्षिलेले मूल त्यांच्यावर मात करते, हा मूळ कथांचा गाभा येथे क्षीण होतो. धोका तोच असला, तरी त्याला सामोरा जाणारा आता लहान राहिलेला नाही. दिलीप प्रभावळकर यांना प्रत्यक्ष भागवतांच्या भूमिकेत आणून चित्रपट जणू लेखकाचीच संमती मिळवू पाहतो. परंतु हरवलेले बालपण त्यामुळे भरून निघत नाही. सारांश, नटाची निवड ही अंतिमतः कथेच्या अर्थाचीच निवड असते.