सहकार्याची सीमा : ‘वाटचाल’च्या संदर्भात

उत्क्रांतिवादी धर्ममीमांसेपुढील मूळ प्रश्न सोलापूर जिल्ह्यातील टेंभुर्णीला, जेथे पुणे-सोलापूर महामार्गावरून पंढरपूरचा रस्ता फुटतो तेथे, आषाढात मूर्त रूपात उभा राहतो. अनोळखी वारकऱ्याला भाकरी आणि रात्रीपुरता आसरा देणाऱ्याचे त्याच्याशी रक्ताचे नाते नसते. परतफेडीची अपेक्षाही नसते. हॅमिल्टनची आप्तनिवड (१९६४) आणि ट्रिव्हर्सचा परस्परोपकार (१९७१) या दोन्ही उपपत्ती येथे अपुऱ्या पडतात आणि अभ्यासक धर्माकडे वळतात. नोरेनझायन (२०१३) माणसांवर पाळत ठेवणाऱ्या, शासन करणाऱ्या देवाचा आधार घेतात. ज्या दैवताला भक्त ‘माउली’ म्हणून हाक मारतात, त्याला हे वर्णन फारसे लागू पडत नाही. कष्टप्रद आचार ही निष्ठेची महाग खूण होय, ढोंग्याला ती परवडत नाही, हे रिचर्ड सोसिस यांचे प्रतिपादन अधिक पटण्याजोगे आहे. तुळशीची माळ, मांसाहाराचा त्याग, वारीचा नेम या तशाच खुणा आहेत.

मात्र या साऱ्या विवेचनात ‘समूह’ गृहीत धरलेला असतो. इरावती कर्वे यांचा ‘वाटचाल’ हा ‘परिपूर्ती’मधील लेख नेमक्या याच गृहीतकाला धक्का देतो. लेखिका स्वतः मानवशास्त्रज्ञ. तेव्हा हा लेख केवळ भावपर ललितगद्य म्हणून बाजूला सारता येत नाही. दिंडीतील ब्राह्मण आणि मराठे एकत्र चालतात, एकत्र अभंग गातात. पंगती मात्र वेगळ्या. म्हणजे समूहाची सीमा दिंडीच्या बाहेर नाही, ती चुलीपाशी आहे, आणि एकाच भक्तीच्या आवरणाखाली ती सुखेनैव नांदते. लेखिका मराठा स्त्रियांबरोबर जेवते आणि त्यांच्यातील जवळीक वाढते. हीही एक महाग खूणच. पण ती स्वगटाशी निष्ठा सिद्ध करण्यासाठी दिलेली नाही, स्वगटाची मर्यादा मोडण्यासाठी दिलेली आहे. सोसिस यांच्या मांडणीत पहिल्या प्रकारच्या किमतीला स्थान आहे. दुसरीला ते कोठे द्यावयाचे?

हा अपवाद एका संवेदनशील विदुषीपुरता मानून सुटका होत नाही. चोखोबांची समाधी विठ्ठलमंदिराच्या महाद्वाराबाहेर आहे. त्या मंदिरात दलितांना प्रवेश मिळावा म्हणून मे १९४७ मध्ये साने गुरुजींनी पंढरपुरात उपोषण केले. व्रताची ती भाषा धर्माचीच होती, आणि दार अडवून धरणाऱ्यांची भाषाही धर्माचीच होती.