डायनाव्हॅपची टोपी : एका उपकरणाचं रसग्रहण

डायनाव्हॅप कंपनीचा ‘एम’ हा व्हेपोरायझर सुटा करायला एकही हत्यार लागत नाही. टोपी, टीप, दांडा, दांड्याच्या पोटातली बारीक नळी, वाळलेला पाला अडवणारी गोल जाळी आणि काही ओ-रिंग एवढं टेबलावर मांडलं की यंत्र संपलं. त्यात बॅटरी नाही, सर्किट नाही, आकडे दाखवणारा पडदा नाही. अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातल्या डीफॉरेस्ट या गावी जॉर्ज ब्रायविक यांनी ही कंपनी उभी केली आणि बोटभर लांबीची ही पोलादी नळी तिथे घडू लागली. मी कॅनडात राहतो. इथे १७ ऑक्टोबर २०१८ पासून सज्ञान माणसाला गांजा बाळगण्याची आणि वापरण्याची कायद्यानं मुभा आहे, त्यामुळे ही वस्तू उघडपणे दुकानात मिळते आणि तिच्याविषयी उघडपणे लिहिता येतं. मला तिच्याविषयी लिहायचं आहे ते एक उत्तम घडवलेली वस्तू म्हणून. यंत्रानं करायचं बरंचसं काम तिनं वापरणाऱ्याच्या हातावर आणि कानावर सोपवलं आहे, आणि ते पेलता येईल इतकी मदतही केली आहे.

काम काय, ते आधी सांगतो. पाला जळू न देता इतकाच तापवायचा की त्यातली सुगंधी आणि औषधी द्रव्यं वाफेसारखी सुटावीत. साधारण १८० ते २१० अंश सेल्सिअस हा त्याचा पट्टा. त्याच्या फार वर गेलं की पाला करपतो, धूर होतो, आणि धुराबरोबर कार्बन मोनॉक्साइड व डांबर येतं. २००७ साली सॅन फ्रान्सिस्कोमध्ये डोनल्ड एब्रम्स आणि सहकाऱ्यांनी १८ निरोगी माणसांवर एक छोटा अभ्यास प्रसिद्ध केला. वाफ घेतल्यावर उच्छ्वासातला कार्बन मोनॉक्साइड धूर ओढल्यावरच्या तुलनेत खूपच कमी आढळला. वाफ निर्धोक आहे असं त्यावरून ठरत नाही, पण धूर टाळण्याला अर्थ आहे हे ठरतं. विजेवरची यंत्रं हा पट्टा सेन्सर लावून सांभाळतात. ‘एम’ तो एका टोपीच्या जोरावर सांभाळतो.

ही टोपी म्हणजे या रचनेचं ध्रुवपद. बाहेरून पाहावं तर पोलादाचं एक साधं टोपण. त्याच्या बंद टोकाशी आत द्विधातूच्या पातळ चकत्या बसवलेल्या असतात. दोन वेगवेगळे धातू एकमेकांना पक्के जोडलेले. तापल्यावर एक जास्त फुगतो, दुसरा कमी, आणि दोघांना एकत्रच राहायचं असल्यामुळे चकतीत ताण साठत जातो. सपाट पट्टी असती तर ती हळूहळू वाकली असती. ही चकती बशीसारखी खोलगट केलेली असते, म्हणून ती वाकत नाही, तग धरते, आणि ठरावीक तापमानाला एका क्षणात उलटते. तेव्हा ‘टक्’ असा स्वच्छ आवाज होतो. थंड होताना ती पुन्हा सुलट होते, पुन्हा ‘टक्’. हा दुसरा आवाज पहिल्यापेक्षा बऱ्याच कमी तापमानाला येतो. पहिला सांगतो, ज्योत काढ. दुसरा सांगतो, आता पुन्हा तापवायला हरकत नाही. दोन सूचना, एकच सुटा भाग, तारेचा पत्ता नाही.

या आवाजाला वंशावळ आहे आणि ती मला फार आवडते. द्विधातूची पट्टी अठराव्या शतकात जॉन हॅरिसन यांनी समुद्रावरच्या घड्याळासाठी वापरली. १७५९ मध्ये पुऱ्या झालेल्या त्यांच्या तिसऱ्या सागरी घड्याळात तापमानातल्या फरकाचा परिणाम पुसायला ती होती. ताडकन उलटणारी चकती मात्र विसाव्या शतकातली. अमेरिकेच्या मेन राज्यात एका गिरणीचा बॉयलर सांभाळणाऱ्या जॉन स्पेन्सर या पोराच्या लक्षात आलं की भट्टीचं दार फार तापलं की आवाज करून फुगतं, निवलं की आवाज करून परत बसतं. भट्टी किती तापली हे तो त्या आवाजावरून ओळखू लागला. पुढे त्यानं त्याच तत्त्वावर चकती बनवली. ती बाजारात आणण्याच्या खटपटीत रेथिऑन कंपनीच्या संस्थापकांपैकी एक असलेले व्हॅनिव्हार बुश हेही होते. आपल्या घरातल्या इस्त्रीचा थर्मोस्टॅट टकटकतो तो याच कुळातला. स्पेन्सरच्या चकत्या पुढे मोटारी आणि घरगुती यंत्रं तापून जळू नयेत म्हणून वीज तोडत राहिल्या, आणि तिथे त्यांच्या आवाजाकडे कुणाचं लक्ष नव्हतं. ‘एम’नं तोडायला वीजच ठेवली नाही. बॉयलरपाशी उभ्या पोरानं जे केलं, म्हणजे कान देऊन भट्टी ओळखली, तेच काम कानाला परत मिळालं.

आता कारागिरीचा दुसरा पदर. टोपीतली चकती टोपीचं तापमान ओळखते, पाल्याचं नाही. या उणिवेचाच या वस्तूनं उपयोग करून घेतला आहे. जेट लायटरची ज्योत टोपीच्या बंद टोकाजवळ धरली तर चकत्या लवकर तापतात, टक् लवकर होतो, पाल्यापर्यंत उष्णता कमी पोचते आणि वाफ हलकी, सुवासिक येते. ज्योत खाली, टोपीच्या उघड्या कडेकडे धरली तर उष्णता आधी टीपमधल्या पाल्याच्या वाटीत शिरते, चकत्यांना खबर उशिरा लागते, आणि टक् होईतो वाटी चांगलीच तापलेली असते. वाफ दाट येते. दोन टोकांच्या मध्ये काही मिलिमीटरचा पल्ला, त्यात हव्या तितक्या पायऱ्या. त्यातच दांडा बोटांत सतत फिरवत राहायचा, म्हणजे एक बाजू करपत नाही. फिरवणं जमलं की हातालाच तापमान कळू लागतं. कुठल्याही पडद्यावरच्या आकड्यापेक्षा हे ज्ञान मला जवळचं वाटतं, कारण ते कमवावं लागतं.

दांड्याच्या बाजूला एक बारीक भोक आहे. ते बोटानं झाकलं तर सगळी हवा टोपी आणि टीप यांच्यामधल्या फटीतून, तापून, पाल्यातून येते. बोट किंचित उचललं तर बाहेरची गार हवा मिसळते. बासरी वाजवणाऱ्याला हे समजावून सांगावं लागणार नाही. वाटीत मावतो सुमारे ०.१ ग्रॅम पाला. जाळी आतल्या दुसऱ्या खाचेत सरकवली की वाटी निम्मी होते, आणि ज्याला थोडंच घ्यायचं आहे त्याची सोय होते. आपल्याकडच्या चिलमीत खडा टाकतात तो निखारा आणि राख घशात येऊ नये म्हणून, आणि तोंडाशी ओल्या फडक्याची छापी गुंडाळतात ती धूर निववायला. ‘एम’मधली जाळी आणि आतली नळी या तशाच दोन गरजांची उत्तरं आहेत, फक्त धूर वजा करून.

या वस्तूला आपलंसं करण्याचे मार्ग पुष्कळ. कंपनी टायटॅनियमच्या टीपा देते, लाकडी दांडे देते, फिरवून हवा कमीजास्त करता येईल असं मुखही देते. बाहेरचे कारागीर लेथवर शिसवासारख्या कठीण लाकडाचे दांडे कातून विकतात, काचकाम करणारे काचेचे बनवतात, आणि ज्योतीचा कंटाळा आलेल्यांसाठी इंडक्शन हीटर मिळतात. माझ्या मते यातल्या बहुतेक गोष्टी शोभेच्या आहेत. लाकडी दांडा मात्र खरा फरक करतो, कारण पोलाद ओठाला तापतं आणि लाकूड तापत नाही. इंडक्शन हीटरनं तापवणं एकसारखं होतं. पण कॉइलमध्ये टोपी कुठवर शिरेल हे एकदा ठरलं की ज्योतीनं जागा बदलत जाण्याची मजा उरत नाही, म्हणून मी तो घेतला नाही.

निगा हा मात्र सगळ्यात रसाळ भाग. वाफ थंड होताना आतल्या नळीत तपकिरी, चिकट राळ धरते. ती साचली की ओढ जड होते, चव कडू होते. टोपी आणि टीप जिथे एकमेकींना टेकतात तिथे राळ बसली तर टोपी अडकते आणि उष्णता भलतीकडून वाहते, मग टक्ची वेळच चुकते. म्हणजे इथे स्वच्छता हा टापटिपीचा प्रश्न नाही, मापाचा आहे. आधी ओ-रिंग लाकडी काडीनं अलगद काढून बाजूला ठेवायच्या, कारण अल्कोहोलमध्ये त्या फुगतात. धातूचे भाग आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजत टाकायचे, पाइप क्लीनर नळीतून फिरवायचा, गरम पाण्यानं धुऊन खडखडीत वाळवायचं. अल्कोहोल पेट घेतं. ओला भाग ज्योतीजवळ नेणं म्हणजे अपघाताला बोलावणं, तेव्हा इथे घाई अजिबात नको. लाकडी दांडा भिजवायचा नाही. पुसून त्याला थोडं मेण चोळायचं. ओ-रिंग परत चढवताना त्यांनाही मेणाचं बोट लावलं की सगळे भाग सहज सरकतात. चकत्या टोपीतून उचकटायच्या नाहीत. त्या एकदा वाकल्या की टोपी गेली. ज्योतीनं टोपीवर सोनेरी, निळे पट्टे उमटतात. ते घासून काढू नयेत असं मला वाटतं. आपण ज्योत कुठे धरतो याची ती नोंदच आहे.

दोष आहेत. टक् ऐकूनही ज्योत धरून ठेवली तर पाला करपतो, यंत्र अडवत नाही. ज्यांना ऐकू कमी येतं त्यांना ही वस्तू पुरेशी साथ देत नाही. गजबजाटातही तीच अडचण, म्हणून तेव्हा बोटांना जाणवणारा हलका हिसका ओळखायला शिकावं लागतं. तापलेली टोपी बघून कळत नाही आणि लहान मुलाच्या हाताला ती सहज भाजेल. घरात मुलं असतील तर हे उपकरण आणि पाला दोन्ही कुलपात हवेत. भारतात गांजा १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याखाली गुन्हा आहे आणि २०१९ पासून विजेवरच्या व्हेपवरही बंदी आहे, तेव्हा तिथल्या वाचकांनी हा लेख एका कारागिरीची ओळख म्हणूनच वाचावा. खुद्द विस्कॉन्सिननंही गांजा खुला केलेला नाही. शेजारच्या इलिनॉयमध्ये मात्र तो २०२० पासून खुला आहे.

जिथे कायदा मोकळा आहे तिथल्या सज्ञान वाचकाला एक सांगणं. सुरुवातीला सुटे भाग बदलण्याच्या फंदात पडू नका. साधा पोलादी दांडा आणि साधी टोपी घ्या, वाटी निम्मी ठेवा, आणि ज्योत टोपीच्या कुठल्या भागावर धरली असता काय होतं हे नीट शिका. पुढे एकच खरेदी करायची असेल तर ओ-रिंगांचा जास्तीचा संच आणि एक राखीव टोपी घ्या. बाकी सगळं वर्षानुवर्षं टिकतं.