शेवटचा अंतरा: प्रतापसिंग बोदडे, वामनदादा आणि खानदेशचे श्रोते

मंडळी, २०१६ साली बॉब डिलनला साहित्याचं नोबेल मिळालं आणि जगभर वाद सुरू झाला, की गाणी लिहिणाऱ्याला साहित्यिक म्हणायचं की नाही. आम्हांला त्या वादात फार गोडी वाटली नाही. ज्या मुलखात बहिणाबाईंनी जात्यावर आणि शेतात गाणी रचली आणि १९५२ साली ती पुस्तकात आल्यावर सगळ्या महाराष्ट्राने कविता म्हणून डोक्यावर घेतली, त्या मुलखाला हा प्रश्न कोणी विचारायचं कारण नाही. पण डिलनच्या चाहत्यांत दुसरा एक वाद फार जुना आहे, आणि तो मात्र आपल्या कामाचा आहे. अल्बममधलं गाणं खरं, की मंचावरचं? १९६५ साली न्यूपोर्टच्या महोत्सवात तो इलेक्ट्रिक गिटार घेऊन उभा राहिला, तेव्हा काही श्रोत्यांनी हुर्यो उडवली. पुढेही तो रेकॉर्डवरचं गाणं मंचावर तसंच्या तसं कधी गायला नाही. चाल बदलतो, शब्द बदलतो, ऐकणाऱ्याला गाणं ओळखायलाच अर्धं कडवं लागतं.

हाच प्रश्न आज आम्ही आपल्या घरच्या गीतकाराला लावून बघणार आहोत. मुक्ताईनगरचे प्रतापसिंग बोदडे. इथे बसलेल्यांपैकी अनेकांनी त्यांना समोर बसून ऐकलंय. पण जळगावबाहेर, धुळ्याबाहेर हे नाव घेतलं तर दहातले आठ जण विचारतील, कोण बोदडे? आणि त्याच आठ जणांना ‘दोनच राजे इथे गाजले’ हे गाणं पाठ असेल. गाणं सगळ्यांचं आणि गीतकार कोणाचाच नाही, अशी ही स्थिती आहे. आमचं आजचं म्हणणं एवढंच, की ही स्थिती कॅसेटने आणली. मंचावर ती नव्हती.

आधी गाण्याकडे बघू. रायगड आणि महाडचं चवदार तळं ही दोन्ही ठिकाणं एकाच जिल्ह्यात, पंचविसेक किलोमीटरच्या अंतरात. एका ठिकाणी १६७४ साली राज्याभिषेक झाला. दुसऱ्या ठिकाणी २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. तापी-पूर्णेच्या काठचा कवी कोकणातल्या या दोन जागा उचलतो आणि शेजारी शेजारी ठेवतो. एक गडाची उंची, एक पाण्याची पातळी. गडावरच्या राजाला सिंहासन आहे, छत्र आहे. तळ्यावरच्या राजाजवळ काय आहे? ओंजळ. तरी त्याला राजाच म्हणायचं. इथे ‘राजा’ या शब्दाचा अर्थच हलतो, आणि तो कुठलंही स्पष्टीकरण न देता हलतो.

आणि त्या ‘दोनच’मधला ‘च’ बघा. मराठीत हा एक अक्षराचा प्रत्यय केवढं काम करतो! ‘दोन राजे गाजले’ म्हटलं असतं तर ते वर्णन झालं असतं. ‘दोनच’ म्हटल्यावर बाकीचे सगळे दरबार, सगळे जहागीरदार बाहेर गेले. भांडण न करता केलेलं हे भांडण आहे. म्हणून तर हे गाणं १४ एप्रिललाही वाजतं आणि १९ फेब्रुवारीलाही वाजतं. दोन वेगळ्या मिरवणुकांत सारख्याच जोराने वाजणारी गाणी महाराष्ट्रात किती आहेत, बोटावर मोजा.

दुसरं गाणं ‘भीमराज की बेटी’. हे हिंदीत का, असं पुण्याकडचे लोक विचारतात. आपल्याकडे कोणी विचारत नाही. मुक्ताईनगरहून बऱ्हाणपूर जवळ, भुसावळ हे रेल्वेचं गाव, तिथे चाळीत चार भाषा आणि कव्वालीचा कान. हिंदी इथे परकी नाही, शेजारच्या घरातली आहे. या गाण्यात बोलणारी मुलगी आहे. ती बापाचं गुणगान करत थांबत नाही, त्याच्या नावावर स्वतःची ओळख ठणकावून सांगते. लिहिणारा पुरुष, पण गाणं इतकं पूर्णपणे बायकांचं झालंय की जयंतीला ते सुरू झाल्यावर पुरुष मंडळी आपोआप बाजूला सरकतात. गीतकाराला यापेक्षा मोठी दाद कोणती, आम्हांला तरी माहीत नाही.

त्यांची सगळीच गाणी या तोडीची आहेत असं आम्ही म्हणणार नाही. एप्रिल जवळ आला की कॅसेटवाल्यांना आठ-दहा नवी गाणी लागायची, आणि त्या घाईत एकूणच भीमगीतांत एक साचा तयार झाला. कोट, पेन, पदव्या, घटना. यादी पूर्ण झाली की गाणं पूर्ण. बोदडेंच्या नावावरही अशी गाणी सापडतील. चाहत्यांनी ती वेगळी काढायला शिकलं पाहिजे. सगळंच थोर म्हणणारा चाहता गीतकाराच्या चांगल्या गाण्यावर अन्याय करतो.

आता मंचाकडे येऊ. बोदडे हे वामनदादा कर्डकांचे शिष्य. वामनदादा सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे, जन्म १९२२. मुंबईत गिरणीत काम केलं, मोठ्या वयात अक्षरओळख झाली, दुकानांच्या पाट्या वाचत वाचत वाचन पक्कं केलं, आणि १९४३ पासून अखेरपर्यंत गाणी लिहीत गावोगाव फिरले. (सूत्रसंचालक मंडळी भीमराव कर्डक आणि वामनदादा कर्डक यांची नेहमी गल्लत करतात. भीमराव हे आधीच्या पिढीतले जलसाकार. माणसं दोन आहेत, कृपया लक्षात ठेवा.)

वामनदादांची रीत अशी, की शेवटच्या अंतऱ्यात ‘वामन’ हे नाव येणारच. आपल्याला यात नवल वाटायला नको. जुन्या एदलाबादचं मुक्ताईनगर झालं ते ज्या मुक्ताईमुळे, तिच्या अभंगातही शेवटी तिचं नाव असतं. तुकोबांचं तर सांगायलाच नको. ज्या काळी छापखाना नव्हता त्या काळी कवीने आपला सातबारा गाण्यातच लिहून ठेवला. वामनदादांच्या श्रोत्यांतल्या कितीतरी लोकांना वाचता येत नव्हतं, पण गाणं कोणाचं हे त्यांना पक्कं ठाऊक असायचं, कारण ते कानाने कळत होतं. ही रीत शिष्यांनीही उचलली.

मंचावर हा शेवटचा अंतरा म्हणजे प्रसंग असायचा. हार्मोनियम, ढोलक, मागे कोरस. सामना असेल तर दोन पार्ट्या समोरासमोर, बहुतेकदा एक गायक आणि एक गायिका, आणि सवाल-जवाब पहाटेपर्यंत. एक गाणं अर्धा अर्धा तास चालायचं. मध्येच शेर, मध्येच किस्सा, मध्येच कोणीतरी उठून दहाची नोट द्यायचा आणि माईकवरून त्याचं नाव पुकारलं जायचं. आवडलेला अंतरा तीनदा घ्यायचा. मग चाल थोडी उतरवून शेवटचा अंतरा, नाव आलं की कोरस ते उचलून धरायचा. श्रोत्यांनी गीतकाराला त्याच्या नावानिशी परत हाक मारण्यासारखंच ते होतं.

कॅसेटने काय केलं? साठ मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू तीस मिनिटांची. पाच-सहा गाणी बसवायची तर प्रत्येकाला पाच मिनिटं. शेर गेले, किस्से गेले, अंतरे गळाले. कव्हरवर गायकाचा फोटो आणि गीतकाराचं नाव मागच्या बाजूला मुंगीच्या अक्षरात. आम्ही गायकांना कमी लेखत नाही हं. प्रल्हाद शिंदे आणि पुढे आनंद-मिलिंद यांच्या आवाजाशिवाय भीमगीत घराघरांत पोहोचलंच नसतं. वामनदादा आणि प्रल्हाद शिंदे दोघेही २००४ साली गेले. गीतकाराचा शब्द आणि गायकाचा गळा, दोन्हीची एक पिढी त्या एका वर्षात संपली. त्यानंतर डीजे आला. तो ध्रुपदाच्या दोन ओळी घेतो आणि ठोक्यावर फिरवत राहतो. शेवटच्या अंतऱ्यापर्यंत गाणं जातच नाही, म्हणजे नाव असलं तरी ते ऐकू येण्याची सोयच उरली नाही.

मंचही आखडला, त्याचं एक कारण कायद्यात आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद केले. सरकारला वर्षातून पंधरा दिवसांपर्यंत, रात्री बारापर्यंत सवलत देता येते, बस. नियम योग्यच आहे, झोप सगळ्यांना लागते. पण पहाटेपर्यंतचा सामना त्याने तीन तासांत बसवला, आणि तीन तासांत सवाल होतात, जवाबाला वेळ उरत नाही.

आज बोदडे हयात नाहीत. बहिणाबाईंची गाणी राहिली कारण सोपानदेवांनी ती वेळेवर कागदावर उतरवून घेतली. बोदडेंच्या कार्यक्रमांत आपल्यापैकी कितीतरी जण टेपरेकॉर्डर घेऊन पुढच्या रांगेत बसत होते. त्या कॅसेट माळ्यावर, पत्र्याच्या पेटीत, उन्हाळ्यात तापत पडल्या आहेत. कंपनीच्या कॅसेटमध्ये नसलेले अंतरे त्यांच्यातच आहेत. ढोलक फाटका ऐकू येत असेल, मध्ये पोरं रडत असतील, तरी टाकू नका. डिलनच्या चाहत्यांनी असल्या चोरून केलेल्या ध्वनिफिती वर्षानुवर्षं एकमेकांत फिरवल्या, त्यांच्या तारखा लावल्या, कोणत्या गावी कोणता शब्द बदलला याच्या वह्या भरल्या. आपल्याकडे भक्ती भरपूर आहे, वही नाही.

एक चिठ्ठी आलीय, धुळ्याच्या ताईंची. ‘नव्या मुलांनी कुठून ऐकायला सुरुवात करावी?’ ताई, तुमच्या गावापासूनच. बाबासाहेब १९३७ साली धुळ्याला आले होते, त्या आठवणीने दरवर्षी ३१ जुलैला लळिंगच्या लांडोर बंगल्यावर भीमस्मृती यात्रा भरते. तिथे गाणारी मंडळी येतात. मोबाइलमधलं गाणं आधी एकदा ऐकून जा, मग तिथे समोर बसून ऐका आणि शेवटचा अंतरा होईपर्यंत उठू नका. पाऊस असतो, सतरंजीखाली टाकायला प्लास्टिक घेऊन जा.