जुने वळण, चालता रस्ता

उस्मानपुऱ्यात झेरॉक्सच्या दुकानाची पिवळी पाटी आणि पावसाळ्यात हातगाडीवर ओढलेली निळी ताडपत्री मी रोज पाहतो. मुंबईचे चित्रकार समीर कुलावूर यांच्या कामात याच गोष्टी भेटल्या, तेव्हा डिजिटल चित्रांना सरसकट लावला जाणारा 'रेट्रो' हा शब्द मला अपुरा वाटू लागला.

हे 'जुने वळण' आले कुठून? 1945 साली 'दीपावली' वार्षिक सुरू करणाऱ्या दीनानाथ दलालांच्या काळात आतल्या पानांवरची चित्रे लाइन ब्लॉकवरून छापत. दुसरा रंग हवा तर दुसरा ब्लॉक करायचा आणि कागद पुन्हा यंत्रातून काढायचा. ठसठशीत रेषा आणि सपाट रंग ही चित्रकाराची आवड होतीच, पण त्यामागे छपाईचा हिशोबही होता.

संगणकावर हा हिशोब उरलेला नाही. पडद्यावर 1 कोटी 67 लाखांहून अधिक रंगछटा फुकट मिळतात. तरीही चित्रकार दोन-तीनच रंग घेतो, तेव्हा त्याला कारण लागते. अनेक जण ते जुन्या मुखपृष्ठांत शोधतात. कागदाचा खरखरीतपणा, रंगाचे सरकलेले ठसे वरून चढवतात. कुलावूर ते रस्त्यावर शोधतात. 'झेरॉक्सवाला झाइन' (2011) झेरॉक्सच्या दुकानांवर, 'घोडा सायकल प्रोजेक्ट' (2012) कष्टाच्या सायकलींवर, तर 'ब्ल्यूड' निळ्या ताडपत्रीवर आहे. तिथला निळा रंग निवडलेला नाही. तो शहरानेच दिलेला आहे. आधी निरीक्षण, मग रंग, हा क्रम मला त्यांच्या कामाचे मर्म वाटतो.

माझी एक शंका मात्र आहे. ताडपत्रीचा निळा आपल्याला सुंदर दिसतो, कारण आपण तिच्याखाली झोपत नाही. वस्तू ठळक होते तेव्हा ती वापरणारा माणूस चौकटीबाहेर राहण्याचा धोका असतो. 2018च्या 'अ मॅन ऑफ द क्राउड' या प्रदर्शनात कुलावूर गर्दीतल्या माणसांकडे वळले, हे म्हणून मला महत्त्वाचे वाटते.

दलाल काही जुनी चित्रे काढत नव्हते. ती त्यांच्या काळात ताजीच होती. त्यांचे वळण गिरवण्यापेक्षा त्यांच्यासारखे आपल्या काळाकडे पाहणे अवघड आहे. नव्या चित्रकाराला जोखायचे ते याच कसोटीवर.